आठ मिनिटं, पण कधीपासून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "रोज ८ मिनिटं लावून अंडी उकडते. गॅस तोच, पातेलं तेच. तरी एखाद्या दिवशी बलक ओघळतो, दुसऱ्या दिवशी कोरडा ठणठणीत होतो. नेमकी किती मिनिटं लावायची? आणि सोलताना निम्मं पांढरं कवचाबरोबर निघून येतं, त्याला काय करायचं?"

मी २२ वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये सकाळची पाळी केली. सकाळच्या पाळीत अंडी सुटत नाहीत. एका टेबलाला बलक वाहता हवा, शेजारच्याला मधासारखा, त्यापलीकडच्याला पूर्ण घट्ट, आणि तिघांच्या ऑर्डरी एकाच मिनिटात येतात. त्यामुळे हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलेला आहे, आणि त्याच्या उत्तरादाखल पुष्कळ अंडी वायाही घालवली आहेत.

तुमची ८ मिनिटं चुकीची नाहीत. पण ती मोजायला सुरुवात कधी करता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. किचनमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी हेच विचारायचे: "आठ मिनिटं, पण कधीपासून?" कोणी म्हणायचं गॅस पेटवल्यापासून, कोणी म्हणायचं तळाशी बुडबुडे दिसायला लागल्यापासून, कोणी म्हणायचं चांगली खळखळून उकळी आल्यापासून. या तिन्हींमध्ये सहज पाचसहा मिनिटांचा फरक पडतो. शेवटाचीही तीच गत. गॅस बंद केला म्हणजे अंडं शिजायचं थांबलं, असं सगळेच धरून चालतात. ते थांबत नाही. दोन्ही टोकं अशी सैल असली की मधल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आपल्या भाषेत पाणी उकळतं आणि अंडं उकडतं. हा भेद मला फार आवडतो, कारण स्वयंपाकाच्या दृष्टीने तो अगदी बरोबर आहे. पाणी १०० अंशांवर उकळतं, पण अंड्याला आतून १०० अंशांची गरजच नसते. त्याचा सगळा खेळ ६० ते ८० अंशांच्या मध्ये उरकतो. पांढऱ्या भागात बरीच प्रथिनं असतात. त्यातलं ओव्होट्रान्सफेरिन हे साधारण १२ टक्के असतं आणि ते ६१-६२ अंशांनाच गोठायला लागतं. पण पांढऱ्यातलं निम्म्याहून जास्त प्रथिन म्हणजे ओव्हाल्ब्युमिन, आणि ते नीट घट्ट व्हायला ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. बलक या दोघांच्या मध्ये बसतो. ६५ अंशांजवळ तो दाट व्हायला लागतो आणि ७० च्या सुमारास धरतो.

म्हणजे बघा, पांढरं नीट घट्ट व्हायला बलकापेक्षा जास्त उष्णता लागते. दोन्हींना सारखंच तापवलं तर एकतर पांढरं लिबलिबीत राहणार, नाहीतर बलक कोरडा पडणार. अंडं कवचासकट उकळत्या पाण्यात टाकण्यात शहाणपण आहे ते इथे. उष्णता बाहेरून आत जाते, त्यामुळे पांढरं आधी तापतं आणि बलक मागाहून. बाहेरचा थर पार ९० च्या पुढे गेलेला असतो तेव्हा मध्यभाग जेमतेम ६० ला टेकलेला असतो. तुम्हाला हवं ते अंडं म्हणजे ही उष्णता मध्यापर्यंत कुठवर पोचू द्यायची, याचा निर्णय.

उलटं करून पाहायचं असेल तर पाणी ६३-६४ अंशांवर धरून त्यात अंडं तासभर ठेवा. बलक सायीसारखा दाट होतो, फार सुंदर लागतो, पण पांढरं दुधाळ आणि सैलच राहतं. फोडल्यावर ते ताटलीत पसरतं. काहींना ते आवडतं. मला नाही.

तर आता पद्धत. पाणी आधी उकळू द्या. अंडी बुडून वर बोटभर पाणी राहील इतकं तरी घ्या. ४ अंड्यांना सव्वा ते दीड लिटर. चांगलं आधण आलं की फ्रिजमधली अंडी थेट त्यात सोडायची, झाऱ्याने किंवा मोठ्या चमच्याने, अगदी तळाला टेकवून. वरून टाकायची नाहीत. अंडी गेली की लगेच घड्याळ सुरू. पाण्याची उकळी क्षणभर बसते, पुन्हा येते. ती आली की गॅस कमी करून पाणी नुसतं हलतं राहील इतपत ठेवायचं. खळखळ उकळणारं पाणी आणि बारीक उकळी असलेलं पाणी यांच्या तापमानात नाव घेण्यासारखा फरक नसतो. मोठ्या आचेने अंडं लवकर होत नाही, फक्त एकमेकांवर आपटून तडकतं.

थंड पाण्यात अंडी घालून गॅस पेटवायची पद्धत घरोघरी आहे, माझ्या आईचीही तीच होती, आणि त्या पद्धतीने चांगली अंडी होतात हे मी नाकारत नाही. पण तिच्यात तुमचं पातेलं किती जाड आहे, पाणी किती आहे, आच किती मोठी आहे, सिलिंडर संपत आला आहे का, हे सगळं मिनिटांत मिसळतं. आई ते सगळं डोळ्यांनी बघायची, घड्याळाने नाही. ज्याला घड्याळाने चालायचं आहे, त्याने उकळत्या पाण्यापासूनच सुरुवात करावी. सोलण्याच्या दृष्टीनेही हीच पद्धत वरचढ आहे, त्याकडे पुढे येते.

आता मिनिटं. खालचे आकडे ५५ ते ६० ग्रॅमच्या, फ्रिजमधून थेट काढलेल्या अंड्याचे आहेत, उकळत्या पाण्यात सोडल्यापासून मोजलेले, आणि वेळ झाली की लगेच बर्फाच्या पाण्यात घातलेल्या अंड्याचे.

५ मिनिटांना पांढरं जेमतेम धरलेलं असतं, बलकालगतचं अजून कच्चट. हे सोलता येत नाही. टोक उडवून चमच्याने खायचं. ६ मिनिटांना पांढरं पूर्ण पण नाजूक, बलक सगळा वाहता. साडेसहाला अंडं हलक्या हाताने सोलता येतं आणि कापलं तर बलक संथपणे बाहेर येतो. बलकाची कड दाटायला लागलेली असते. ७ मिनिटांना बलक मधासारखा. ८ ला जॅमसारखा, कापल्यावर जागेवर राहतो पण चकाकतो. ९ ला कडेने धरलेला, मधोमध गडद आणि ओलसर. १० ला सगळा धरलेला, तरी मऊ. ११ ते १२ म्हणजे पूर्ण उकडलेलं, बलक फिका पण अजून भुगा न होणारा. १३-१४ नंतर पांढरं चिवट व्हायला लागतं, बलक तोंडात पिठासारखा फिरतो आणि घशाशी बसतो.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ६ ते ८ मिनिटांच्या मध्ये प्रत्येक अर्ध्या मिनिटाला अंडं वेगळं असतं, कारण बलक नेमका त्याच वेळात ६५ ते ७० च्या पट्ट्यातून जात असतो. ११ आणि १२ मधला फरक मात्र कापून शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. म्हणून फुल बॉइलला फोनवर बोलत उभं राहिलात तरी चालेल. हाफ बॉइलला फोन ठेवून द्या.

तुमचं अंडं रोज वेगळं का होतं, याचं दुसरं कारण बहुधा वजन आहे. याकडे जवळजवळ कोणीच बघत नाही. एकाच ट्रेमध्ये ५० ग्रॅमचं अंडंही असतं आणि ७० ग्रॅमचंही, आणि हातात घेतल्यावर ते फारसं जाणवत नाही. शिजायला लागणारा वेळ वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे वाढतो. गणित सोडून द्या. त्याचा अर्थ इतकाच की ७० ग्रॅमच्या अंड्याला ५० ग्रॅमच्या अंड्यापेक्षा साधारण पाव पट जास्त वेळ लागतो. ५८ ग्रॅमच्या अंड्याला जो मध ७ मिनिटांत येतो, तोच ५० ग्रॅमच्या अंड्यात ६ मिनिटं २० सेकंदांना येतो आणि ७० ग्रॅमच्यात जवळजवळ ८ मिनिटांना. म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणे ८ मिनिटं लावत असाल, तरी एका दिवशी लहान अंड्याचा बलक पुढे निघून गेलेला असणार आणि दुसऱ्या दिवशी मोठ्याचा नुकता दाटायला लागलेला. घरात छोटा डिजिटल काटा असेल तर अंडी आणल्यावर वजनं करून पेन्सिलीने कवचावर लिहून टाका. नसेल तर निदान एका वेळी सारख्या आकाराची निवडा. दर ५ ग्रॅममागे २०-२५ सेकंद इकडे-तिकडे, एवढा हिशेब पुरतो. याच हिशेबाने ११-१२ ग्रॅमच्या लावेच्या अंड्याला दोन-सव्वादोन मिनिटांत वाहता बलक मिळतो आणि ४ मिनिटांत ते पूर्ण होतं.

तिसरं कारण, अंडं किती थंड आहे. फ्रिजमधलं अंडं ४-५ अंशांचं असतं, बाहेर ठेवलेलं २८-३० अंशांचं. मऊ अंड्यात या फरकाने जवळजवळ एक मिनिट पडतं. बरेच लोक सांगतात, अंडी आधी बाहेर काढून ठेवा म्हणजे तडकत नाहीत. मी उलट सांगते: थेट फ्रिजमधून घ्या. खोलीचं तापमान पहाटे वेगळं, दुपारी वेगळं, उन्हाळ्यात वेगळं. फ्रिज रोज सारखा असतो. फक्त अंडी दारात ठेवत असाल तर आतल्या कप्प्यात हलवा. दार सारखं उघडतं-मिटतं आणि तिथली अंडी आतल्यांपेक्षा गरम राहतात. फ्रिजच नसेल आणि अंडी कायम बाहेरच असतील, तर वरच्या सगळ्या मऊ वेळांतून पाऊण ते एक मिनिट वजा करा.

उंचीचं मला स्वतःला ठेच लागल्यावर कळलं. काही काळ मी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवरच्या एका हॉटेलात होते. पहिल्या सकाळी माझे ठरलेले आकडे लावले आणि एकामागून एक अंडी परत यायला लागली, सगळी कच्ची. मला वाटलं घड्याळ बिघडलं. तिथल्या एका जुन्या आचाऱ्याने फक्त पाण्याकडे बोट दाखवलं. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने खाली येतो. तिथे पाणी ९३ अंशांनाच उकळत होतं, आणि आच कितीही वाढवली तरी त्याहून वर जाणार नव्हतं. मऊ अंड्याला अर्धं ते पाऊण मिनिट आणि पूर्ण अंड्याला दीड-दोन मिनिटं वाढवली, तेव्हा गाडी रुळावर आली. घट्ट अंड्याला जास्त वाढवावं लागतं, कारण आतलं तापमान पाण्याच्या तापमानाच्या जितकं जवळ न्यायचं, तितकी शेवटची चढण रेंगाळते.

एका वेळी किती अंडी, हाही प्रश्न आहे. लहान पातेल्यात डझनभर थंडगार अंडी सोडली तर उकळी बसते ती लवकर परत येत नाही, आणि तुमची मिनिटं पुन्हा सैल. जास्त अंडी असतील तर मी वाफवणं पसंत करते. भांड्यात दोन बोटं पाणी, वर जाळी, पाण्याला उकळी आली की जाळीवर अंडी एका थरात, झाकण, आणि घड्याळ सुरू. वाफही १०० अंशांचीच. वेळ जवळजवळ तीच, फार तर अर्धं मिनिट जास्त. पाणी कमी असल्याने आधण लवकर येतं आणि अंडी नाचत नाहीत, म्हणून तडकतातही कमी. हॉटेलात शंभर-दोनशे अंडी आम्ही अशीच करायचो, मोठ्या वाफेच्या ओव्हनमध्ये.

आता शेवट. पाण्यातून बाहेर काढलेलं अंडं म्हणजे बाहेरून जवळजवळ उकळत्या पाण्याइतकं गरम आणि आतून त्यामानाने थंड, अशी वस्तू. बाहेरची उष्णता आत शिरतच राहते. वाडग्यात ठेवलेलं ७ मिनिटांचं अंडं पाच-दहा मिनिटांनी फोडा, ८-९ मिनिटांचं निघेल. म्हणून वेळ संपायच्या आधीच बर्फाचं पाणी तयार हवं. बर्फ भरपूर, नुसते चार खडे नाहीत. बर्फ नसेल तर पातेल्यातलं गरम पाणी ओतून नळाचं पाणी सोडा आणि ते तीन-चार मिनिटं वाहू द्या. साचलेलं पाणी दोन मिनिटांत कोमट होतं. गरमागरम खायचं असेल तर अर्धं मिनिट थंड पाण्यात बुडवून लगेच टोक उडवा. उघडलं की उष्णता बाहेर पडते आणि आतलं शिजणं मंदावतं.

हे न केल्याची माझी शिक्षा अशी: एका मोठ्या न्याहारीसाठी दोनशे अंडी उकडली, बर्फ संपलेला होता, गडबडीत ती गरमच स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावलं. तासाभराने कापली तर प्रत्येक बलकाभोवती हिरवट-करडी कड. लोकांना वाटलं अंडी खराब आहेत. खराब नव्हती. पांढरं जास्त वेळ तापलं की त्यातल्या गंधकयुक्त प्रथिनांतून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, बलकातल्या लोहाशी त्याची गाठ पडते आणि सीमेवर आयर्न सल्फाइडचा थर बसतो. रंग त्याचा, आणि तो उकडलेल्या अंड्याचा नकोसा वासही हायड्रोजन सल्फाइडचा. खायला निर्धोक आहे, दिसायला वाईट. जुन्या अंड्यांत ही कड लवकर येते. १२ मिनिटांच्या आत थांबवून गार केलंत तर सहसा दिसणार नाही.

सोलण्याबद्दल. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, आणि दिवसेंदिवस त्यांतून दोन गोष्टी बाहेर पडतात: पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. पाणी गेल्यामुळे बोथट टोकाशी असलेली हवेची पोकळी मोठी होते. कार्बन डायऑक्साइड गेल्यामुळे पांढरं अल्कधर्मी होत जातं. ताज्या अंड्यात त्याचा सामू ८ च्या खाली असतो, तो काही दिवसांत ९ च्या पुढे जातो. सामू कमी असताना पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतं. म्हणून अगदी ताजं अंडं सोलताना टवके निघतात आणि आठ-दहा दिवस जुनं अंडं गुळगुळीत सुटतं. ताजी अंडी पोच किंवा ऑम्लेटला वापरा, उकडायला मागच्या आठवड्यातली घ्या.

पण ताजीच हातात असतील तर? मग उकळत्या पाण्यातून सुरुवात करणं हा सगळ्यात मोठा उपाय. थंड पाण्यातून हळूहळू तापलेलं पांढरं गोठता गोठता पापुद्र्याशी एकजीव होतं; एकदम उष्णता बसलेलं पांढरं झटकन आक्रसतं आणि सुटं राहतं. गार करणं हा दुसरा उपाय. गार झाल्यावर अंडं सगळीकडून हलकंसं ठोकून कवचाला जाळी पाडा आणि बोथट टोकाकडून सुरुवात करा, तिथे पोकळी असते. नख पापुद्र्याच्या खाली गेलं पाहिजे. वरच्या वर कवच काढत बसलात तर दिवस जाईल. पाण्यात बुडवून सोललं तर पाणी आत शिरून मदत करतं. साडेसहा-सात मिनिटांचं अंडं तर मी पाण्याबाहेर सोलतच नाही, ते स्वतःच्या वजनाने फुटतं.

पाण्यात खायचा सोडा घालण्याचा उपाय सगळीकडे सांगतात. मी करून पाहिला आहे. पडलाच तर थोडा फरक पडतो, पण वर सांगितलेल्या दोन गोष्टी केल्यावर त्याची गरज राहत नाही, आणि जास्त पडला तर वास येतो. मिठाबद्दलही असाच एक समज आहे की त्याने पाणी जास्त गरम उकळतं. लिटरला १० ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनबिंदू जेमतेम पाव अंशानेही वाढत नाही. मीठ किंवा व्हिनेगर एका कामाचं: तडकलेल्या अंड्यातून पांढरं बाहेर यायला लागलं तर ते चटकन गोठून भेग बुजते. तडकणं थांबवायचं असेल तर आधीच बघून घ्या. दोन अंडी एकमेकांवर अगदी हलके टेकवा. खणखणीत आवाज आला तर धड आहेत, बद्द आवाज आला तर केसासारखी भेग आहे. तसं अंडं बाजूला ठेवा आणि पूर्ण शिजवूनच वापरा. बोथट टोकाला टाचणीने भोक पाडण्याची युक्ती तडकण्यावर खात्रीची नाही, पण आतली हवा निघून जाते आणि अंड्याचं बूड खड्डा न पडता गोल येतं.

बलक एका बाजूला सरकलेला असला की कापलेलं अंडं विद्रूप दिसतं. जुन्या अंड्यात बलकाला मध्ये धरून ठेवणारे दोरे सैल पडतात, म्हणून असं होतं. पहिली दोन मिनिटं चमच्याने अंडी हळूहळू फिरवत राहिलात तर बलक मध्ये राहायला मदत होते.

प्रेशर कुकरमध्ये अंडी सोलायला छान सुटतात, पण आत पाणी १२० अंशांपर्यंत जातं आणि झाकण उघडेपर्यंत आत काय चाललंय ते कळत नाही. घट्ट अंड्यांना ठीक, मऊला नाही. मायक्रोवेव्हमध्ये अख्खं अंडं कधीही घालू नका, आधी उकडलेलं आणि सोललेलंसुद्धा. ते आत शांत बसतं आणि बाहेर काढून चावा घेताना फुटतं. माझ्यासमोर एका सहकाऱ्याचा ओठ भाजलेला आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी एक पद्धत प्रसिद्ध केली: अंडं दोन मिनिटं १०० अंशांच्या पाण्यात, दोन मिनिटं ३० अंशांच्या पाण्यात, असं आलटून पालटून एकूण ३२ मिनिटं. बाहेरचं पांढरं तापतं-निवतं, तापतं-निवतं, आणि बलक मधल्या ६७ अंशांजवळ स्थिर होतो. पांढरं आणि बलक यांच्या भांडणावर इतका नेटका तोडगा मी दुसरा पाहिलेला नाही. एका सुट्टीच्या दिवशी करून पाहिलं. बलक मलईसारखा, पांढरं मऊ पण पूर्ण धरलेलं, खरंच सुरेख. पण अर्धा तास दोन पातेल्यांमध्ये झारा घेऊन उभं राहायचं, तेही एका अंड्यासाठी! रोजच्या सकाळी हे कोण करणार?

एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेऊ नका. वाहत्या बलकाच्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असेल तर तो मरेलच अशी खात्री देता येत नाही. लहान मुलं, गर्भवती, वयस्कर माणसं आणि आजारपणाने प्रतिकारशक्ती कमी झालेले यांना बलक पूर्ण धरलेलं अंडंच द्या, म्हणजे १०-११ मिनिटांच्या पुढचं. हॉटेलात असा पाहुणा असेल तर आम्ही विचारून घ्यायचो. उकडलेली अंडी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवीत आणि आठवड्यात संपायला हवीत. ठेवायची असतील तर कवचासकट ठेवा, सोललेली लवकर कोरडी पडतात आणि फ्रिजमधले सगळे वास ओढून घेतात. कोणतं उकडलेलं आणि कोणतं कच्चं याचा गोंधळ झाला तर ओट्यावर गरकन फिरवा. उकडलेलं भोवऱ्यासारखं फिरतं, कच्चं डगमगतं.

आता शेवटचं काम तुमचं. माझे आकडे माझ्या चुलीवरचे आहेत. तुमचे तुम्हाला एकदाच काढायला लागतील. सारख्या वजनाची सहा अंडी घ्या, कवचावर पेन्सिलीने ६, ७, ८, ९, १० आणि १२ असे आकडे घाला, सगळी एकदम उकळत्या पाण्यात सोडा आणि ज्याचा आकडा येईल ते बर्फाच्या पाण्यात टाका. सगळी गार झाली की उभी कापून ओळीने मांडा, फोटो काढा, फ्रिजच्या दाराला लावा. घरातल्या प्रत्येकाला आपापल्या अंड्यावर बोट ठेवू द्या. आमच्याकडे मी ७ वर ठेवलं, नवऱ्याने १० वर, आणि मुलीने ८ वर. तेव्हापासून तिघांची अंडी एकाच पातेल्यात पडतात आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर निघतात. माझं आधी बाहेर पडतं, त्यामुळे त्यांची निघेपर्यंत मी माझं गरम पाण्यात ठेवते, उकळत्या नाही, हाताला जेमतेम सोसेल इतक्या. तेवढ्याने बलक पुढे जात नाही आणि तिघंही गरम अंडं खातो.